पान क्रमांक त्रेचाळीस

खोटा कागद हातात आला की मी आधी मजकूर वाचत नाही. तारीख बघते आणि कॅलेंडरपाशी जाते. सोलापुरातल्या आमच्या दैनिकाच्या ऑफिसात माझ्या टेबलामागं एका खिळ्याला गेल्या कितीतरी वर्षांची कॅलेंडरं एकावर एक अडकवलेली आहेत. शिपाई दर दिवाळीला ती रद्दीत घालायला बघतो आणि दर दिवाळीला माझं त्याच्याशी भांडण होतं. या कॅलेंडरांनी मला जेवढ्या बातम्या दिल्या तेवढ्या कुठल्या पुढाऱ्यानं दिल्या नाहीत. रविवारी झालेली जमिनीची मोजणी, पाडव्याला भरलेली बैठक, सुट्टीच्या दिवशी हजर असलेला अख्खा स्टाफ. खोटं लिहिणारा सही सांभाळतो, शिक्का सांभाळतो, पण वार बघायला विसरतो. नव्या वार्ताहरांना मी हे सांगते, आणि खरं तर जरा फुशारकीनंच सांगते. म्हणूनच पुढचं लिहिताना मला लाज वाटते आहे, पण लिहायलाच हवं.

त्या उन्हाळ्यात एक मेंढपाळ बाई ऑफिसात आली. पन्नाशीची असेल. खुर्ची दिली तर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरानं घाम पुसला. जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिमेच्या कोरड्या पट्ट्यातलं तिचं गाव. तिथून दोन एसट्या बदलून आली होती.

"माज्या अंगठ्यानं गायरान दिलं म्हनत्यात," ती म्हणाली. "आन् मी तितं नव्हतेच की."

गायरान म्हणजे गावच्या जनावरांची चरायची सामाईक जमीन. ती एका कंपनीला द्यायचं चाललं होतं. त्यासाठी ग्रामसभेची संमती लागते. पौषात ग्रामसभा भरली, ठराव झाला, आणि हजर असलेल्या लोकांत या बाईचा अंगठा आहे, असं तिला तिच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं होतं. तेवढ्यासाठी ती मेंढरं जावेवर सोपवून आली होती.

"दिवाळी झाली की आमी निगतो ताई. कालव्याच्या भागात जातो, लोकांच्या रानात मेंढरं बसवतो. पौषात आमच्या वस्तीवर कोन असतंय? म्हातारी मानसं आन् कुत्री."

"मग अंगठा कुणाचा?"

तिनं उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला. लोकर कातरताना कातर लागून आडवी चीर पडली होती आणि ती तशीच भरून आली होती. अंगठ्याचे जणू दोन तुकडे झाले होते.

"ह्यो माजा अंगठा. कुटं दिला ते मला ठावं हाय. राशनला दिला, बँकेत दिला, आन् त्याच पौषात तिकडच्या सरकारी डॉक्टरनं मेंढरास्नी सुई टोचली तवा त्येच्या बुकात दिला. सभेत न्हाय दिला."

मी विचारलं, गायरान गेलं तर काय कराल? ती म्हणाली, "मेंढरं इकायची. मग चिंचोळीला कारखान्यात झाडू मारायला जायचं, दुसरं काय." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र राग आला. माझा राग लवकर येतो आणि उशिरा जातो, घरची माणसं सांगतील.

जनावरांच्या त्या दवाखान्यातल्या नोंदवहीची नक्कल मागायचा अर्ज मी त्याच दिवशी टपालानं पाठवला. ग्रामसभेचं हजेरीचं रजिस्टर मात्र तपासणीच्या नावाखाली गावातून उचलून तालुक्याच्या कचेरीत नेलेलं होतं. अशा वेळी माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा आणि महिनाभर वाट बघायची, हा रीतसर मार्ग. पण महिनाभरात रजिस्टरच्या अंगावर काय काय होऊ शकतं ते मी पाहिलेलं आहे. चहा सांडतो, वाळवी लागते, पानं निसटतात. म्हणून आधी ते आहे का, आणि त्यात काय आहे, हे डोळ्यांनी बघणं गरजेचं होतं. मी दुसऱ्या एका कामाचं निमित्त करून तालुक्याच्या कचेरीत गेले.

रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. तिथं चाळिशीची एक बाई होती. नवरा याच कचेरीत होता, तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी लागलेली. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं फायलीची पानं मोजताना ती तोंडातल्या तोंडात ओंदु, एरडु, मूरु असं कन्नडमध्ये मोजायची. घरात म्हातारी सासू आणि बारावीला असलेली मुलगी. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं, की या खोलीत प्रत्येक गठ्ठ्याला कापडाची पट्टी होती आणि प्रत्येक पट्टीवर नंबर होता. सरकारी कचेरीत असं मी फार पाहिलेलं नाही.

मी आत पाऊल टाकलं तर जमिनीवर पडलेला एक कागद माझ्या पायाखाली आला. आमच्या घरात वडील कारकून. कागदाला पाय लागला की वाकून हात लावायचा आणि डोळ्याला लावायचा, ही सवय लहानपणापासून हाडात मुरलेली. मी वाकले, कागद उचलला, नमस्कार केला. मान वर केली तर बाई माझ्याकडे बघत होती.

"आता कोणी करत नाही हे," ती म्हणाली.

मी गावाचं नाव सांगितलं, मेंढपाळ बाईनं कुठं कुठं अंगठा दिला ती सगळी हकीकत सांगितली आणि रजिस्टरचं विचारलं. तिनं दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आज नको. सोमवारी या. तीनच्या पुढं."

सोमवारी साहेब सोलापूरला बैठकीला जातात, हे मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे, मागच्या दाराची वेळ सांगते आहे. आमच्या धंद्यात अशी माणसं देवासारखी भेटतात.

सोमवारी तीनला मी दारात. तिनं आधी एक वही माझ्यापुढं सरकवली. "सही करा." माझं सगळं लक्ष तिच्यामागच्या कपाटाकडे होतं. मी सही ठोकली, वही परत ढकलली. तिनं वही उचलून टेबलाच्या कडेला ठेवली. मग कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, टेबलावर ठेवलं आणि एक पान उघडलं. "मी पाणी पिऊन येते," म्हणाली.

त्रेचाळीस नंबरचं पान. त्यावर सत्ताविसाव्या ओळीत माझ्या मेंढपाळ बाईचं नाव आणि पुढं जांभळ्या शाईचा अंगठा. स्वच्छ, गोल, गुळगुळीत अंगठा. त्यावर चीर नव्हती. मी नाक टेकवून बघितलं, चष्मा काढून बघितलं, पुन्हा लावून बघितलं. चीर नव्हतीच. मी मोबाईल काढला तेवढ्यात ती परत आली आणि तिनं पानावर आडवा हात धरला. "फोटो नको. रीतसर मागा, मी देईन. माझ्या खोलीतला कागद कुठं जात नाही."

तिच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला. पान आणि ओळ डोक्यात घेऊन मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. आणि इथंच माती खाल्ली. वडिलांनी आम्हां भावंडांना अर्ज लिहायला शिकवलं ते पाढे शिकवण्याच्या आधी. अर्ज मोघम नसावा, नेमका असावा. समोरच्याला पळायला वाट राहता कामा नये. त्या शिकवणुकीप्रमाणे मी एकटाकी सुंदर अर्ज लिहिला. अमुक गावच्या अमुक ग्रामसभेच्या उपस्थिती नोंदवहीतील पान क्रमांक त्रेचाळीस, अनुक्रमांक सत्तावीस, यावरील अंगठ्याच्या ठशासह प्रमाणित प्रत मिळावी. तालुक्याला जाऊन खिडकीत दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, समाधानानं उसाचा रस प्यायले.

बुधवारी सकाळी वडिलांनी चहा घेताना ती पोच मागून घेतली. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण सरकारी कागद दिसला की त्यांचा चष्मा आपोआप डोळ्यांवर येतो. त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"अर्ज असा असावा," म्हणाले. मी खूश. मग त्यांनी बशीतला चहा संपवला आणि पुन्हा कागद धरला. "पण पोरी, पान त्रेचाळीस हे तुला कुणी सांगितलं?"

मी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"मी त्या खुर्चीत असतो तर हाच प्रश्न पहिला विचारला असता," वडील म्हणाले. "मोघम मागायचं असतं असं. पूर्ण रजिस्टर मागायचं. त्यात तुझं पान आलंच असतं."

चाळीस वर्षं ज्यांनी नेमका अर्ज लिही म्हणून कानीकपाळी ओरडलं, तेच आता हे सांगत होते. मला त्यांचाही राग आला आणि स्वतःचाही. पण खरं होतं ते. त्या कपाटाची किल्ली एकाच बाईकडे होती. माझा अर्ज म्हणजे तिच्या नावानं लिहिलेली तक्रारच. माहिती अधिकाराचा अर्ज मागं घेता येतो, पण तो फायलीतून निघत नाही. आवक नंबर पडला की तो कागद कचेरीचा झाला.

तिला फोन करावा तर उद्या कुणी फोनची यादी काढली तर आणखी एक पुरावा. जावं तर कुणीतरी बघणार. मी काहीच केलं नाही. काहीच न करणं मला जमत नाही, त्यामुळं त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांशी भांडले. मेंढपाळ बाईचा मधून फोन यायचा. "कागुद आला का ताई?" मी म्हणायची, येईल. ती म्हणायची, "येऊ द्या निवांत," आणि मागं मेंढरांचा आवाज यायचा.

मग तालुक्याहून आवक-जावक बघणाऱ्या कारकुनाचा फोन आला. हा माणूस मला अधूनमधून बारीकसारीक खबर देतो आणि त्या बदल्यात भाचे-पुतणे पास झाले की त्यांचे फोटो छापून घेतो. गेल्या वर्षी मी त्याचा एक चुलतभाचासुद्धा छापला.

"बाई, तुमच्या अर्जानं रेकॉर्डच्या बाईंला नोटीस लागली की हो," तो म्हणाला. "कारणे दाखवा. पान नंबर अर्जदाराला कसा कळला म्हनून. किल्ली काढून घेतली साहेबांनी. सस्पेंड करायचं बोलत होते."

किल्ली गेली म्हणजे रजिस्टरही गेल्यातच जमा. आणि नोकरी गेली तर ती बाई काय करणार? तिला ही नोकरी नवऱ्याच्या जागेवर मिळालेली. दुसरी मिळणार नव्हती.

"शुक्रवारी साहेब तुमाला बी बोलवणार हाईत," कारकून म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, "घाबरू नका. आवक रजिस्टरला आमी मधी मधी ओळ कोरी सोडतो. लागतीय कधी. तुमी एक अर्ज आना, अभिलेख बघायला मिळावा म्हनून, मागची तारीख टाकून. मी त्या ओळीत घिऊन टाकतो. मग तुमी रीतसर बघितलं असं हुतंय. बाई सुटत्यात, तुमी बी सुटता."

कोऱ्या ओळीची ही रीत मला माहीत होती. अशाच एका कोऱ्या ओळीवरून मी एकदा एका बड्या माणसाची झोप उडवली होती. मी त्याला म्हटलं, बघते.

कायद्यानं मला गप्प बसता आलं असतं. माहिती मागणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही, कुठून कळलं ते तर नाहीच नाही. पण मी गप्प बसले असते तर सगळं तिच्या अंगावर गेलं असतं. खरं सांगावं तर खरं हेच होतं की तिनं रजिस्टर उघडून ठेवलं आणि बाहेर गेली. म्हणजे मी तोंड उघडलं तरी ती अडकत होती आणि मिटलं तरी अडकत होती. माझ्या डोक्यात दोन दिवस हेच फिरत राहिलं.

गुरुवारी दुपारी मी तो अर्ज लिहिला. ऑफिसात, माझ्या टेबलावर, त्या कॅलेंडरांकडे पाठ करून. कागद नवा वाटू नये म्हणून जुन्या फाईलमधला पिवळट पडलेला घेतला. शाईपेन न घेता साधं बॉलपेन घेतलं. मी गेले त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यातली एक तारीख टाकली, सही केली, चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवला. मनाला सांगितलं, एका बाईची नोकरी वाचवायची आहे. खोटा अंगठा लावणारेही मनाला असंच काहीतरी सांगत असतील, हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी घड्या घातल्या.

शुक्रवारी अकराला बोलावलं होतं. कारकुनाला आधी गाठायचं म्हणून मी दहालाच पोचले. त्याची खुर्ची रिकामी. टपाल द्यायला पोस्टात गेलाय, येईल, असं कुणी सांगितलं. मी खिडकीपाशी उभी राहिले. उन्हानं बाहेरचं आवार पांढरं पडलं होतं. पिशवीची पट्टी घामानं हाताला चिकटत होती. तेवढ्यात शिपाई आला. "साहेब बोलवत्यात. आत्ताच या म्हनाले."

आत साहेब बसले होते आणि रेकॉर्डची बाई टेबलापाशी उभी होती. हातात एक जाड वही छातीशी धरलेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावर माझा अर्ज होता, त्यावर पान क्रमांकाखाली लाल रेघ मारलेली.

"बसा मॅडम," साहेब म्हणाले. "तुम्ही पत्रकार आहात, तुम्हाला कायदा सांगायला नको. मला फक्त एक सांगा. हे पान तुम्हाला कुठं बघायला मिळालं? इथं बसून उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. मग मी यांच्यावर जी कारवाई करायची ती करतो."

म्हणजे नेमकं तेच. कारकून अजून आला नव्हता, कोऱ्या ओळीत अजून काही लिहिलेलं नव्हतं. पण मी विचार केला, आधी कागद दाखवू, आवक नंबर नंतर सापडेल. मी पिशवीची चेन उघडली. "साहेब, माझ्याकडे एक कागद आहे," एवढं बोलले.

"साहेब," रेकॉर्डची बाई मध्येच म्हणाली. "नोटीस मला आहे. आधी माझं घ्या."

तिनं छातीशी धरलेली वही टेबलावर ठेवली आणि उघडली. पहिल्या पानावर एक छापील परिपत्रक डकवलेलं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, खाली आधीच्या साहेबांची सही. तिनं ते वाचून दाखवलं. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कार्यालयातील अभिलेख अर्जाशिवाय, विनाशुल्क पाहता येतील.

ते ऐकलं आणि मला आठवलं. हे परिपत्रक निघालं तेव्हा त्याची बातमी मीच दिली होती. आतल्या पानावर, एक कॉलम. मग कुठल्या कचेरीनं ते पाळलं नाही आणि मीही विसरून गेले.

"आधीच्या साहेबांनी ही वही घालायला सांगितली होती," बाई म्हणाली. "मी दर सोमवारी तीनला वही टेबलावर ठेवते. पाच वाजता बंद करते. कोणी येत नाही. या आल्या."

तिनं पान उलटलं. सोमवारच्या तारखा एकाखाली एक, प्रत्येकीपुढं तिच्या अक्षरात 'निरंक'. निरंक, निरंक, निरंक. पानंच्या पानं. आणि शेवटी एका ओळीत माझं नाव. आल्याची वेळ, गेल्याची वेळ. पाहिलेला अभिलेख: ग्रामसभा उपस्थिती नोंदवही. पाहिलेलं पान: त्रेचाळीस. आणि त्यापुढं माझी ती घाईघाईत ठोकलेली सही.

साहेबांनी वही आपल्याकडे ओढली. सही बघितली, माझ्या अर्जावरची सही बघितली. "ही तुमची सही?"

"माझीच," मी म्हणाले. पिशवीतला माझा हात अजून त्या घड्या घातलेल्या कागदावर होता. मी तो हळूच काढून घेतला आणि चेन लावली.

"मग तुम्ही कुठला कागद म्हणत होता?"

"हाच," मी वहीकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मी बोललेलं ते एकच खोटं, आणि ते अजून मला बोचतं.

साहेबांनी दोन्ही सह्या पुन्हा एकदा ताडून पाहिल्या. मग बाईला म्हणाले, "हे उत्तरात लिहायचं होतंत."

"लिहिलंय साहेब. काल आवकला दिलंय, नंबर घेतलाय." तिनं पोच पुढं केली.

साहेबांनी खण उघडून किल्ली टेबलावर ठेवली. तिनं ती उचलली आणि वही मिटून पुन्हा छातीशी धरली.

गायरानाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. शिक्का मारलेली प्रत मला त्या बाईनंच मुदतीच्या आत दिली. जनावरांच्या दवाखान्यातल्या नोंदवहीची प्रतही आली, त्यात चिरेचा अंगठा होता, आणि तारीख होती ग्रामसभेच्याच दिवसाची. दोन्ही अंगठे आम्ही शेजारी शेजारी छापले. सुनावणीत ठराव थांबवला गेला, चौकशी लागली. चौकशीचं पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण मेंढरं आज तिथं चरतात. बातमी आली त्या दिवशी मेंढपाळ बाईचा फोन आला. "माजा अंगठा पेपरात आला म्हनं," ती म्हणाली, आणि लई हसली.

पण शुक्रवारी साहेबांच्या खोलीतून आम्ही बाहेर आलो तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. आवारातल्या लिंबाखाली उभ्या राहिलो. समोर आवकच्या खिडकीत कारकून नुकताच येऊन बसला होता आणि मला भुवयांनी खुणावत होता. मी मान फिरवली.

"माझ्यामुळं झालं हे," मी बाईला म्हटलं. "पान नंबर लिहायला नको होता."

"नंबर लिहिला त्याचं काही नाही," ती म्हणाली. "नंबर खरा होता. पण ताई, तुम्ही पिशवीतून काय काढत होता?"

मला टाळता आलं असतं. मी कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं घड्या उलगडल्या आणि वाचायला लागली. माझे वडील वाचतात तसं वाचलं तिनं, वरच्या ओळीपासून सहीपर्यंत, एकही शब्द न सोडता. शेवटी तारखेवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत मागं मोजलं. मला कन्नड येत नाही, पण आकडे कळले.

"हा रविवार आहे," ती म्हणाली.

मी तिच्या बोटाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी ज्या चुकीवर माणसं पकडली, ती चूक माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी तिच्या हातात होती. तिची वही आधी उघडली नसती आणि माझा हा कागद आधी टेबलावर आला असता, तर त्या वहीवरही कुणी विश्वास ठेवला नसता. सोमवारी आलेली बाई खरी की रविवारी अर्ज देणारी? तिची नोकरी माझ्याच हातानं गेली असती. मला रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही.

"सोमवारी वहीत सही केलीत तेव्हा वाचलं नव्हतं ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी म्हटलं, वाचून सही केली असणार. म्हणून मी निवांत होते. नोटीस आली तरी निवांत होते. या सांगतील साहेबांना, असं वाटत होतं." "मेंढरं राखणाऱ्या त्या बाईला कुठं अंगठा दिला ते एकेक ठाऊक आहे म्हणालात. तुम्हाला तर वाचायला येतं की."

मी कागद फाडायला मागितला. तिनं दिला नाही. आपल्या हातानं त्याच घड्यांवर पुन्हा घड्या घातल्या आणि माझ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवला. "फाडू नका, ठेवा जवळ," म्हणाली, आणि जिन्याखालच्या खोलीतलं कपाट उघडायला गेली.

तो अर्ज आता माझ्या टेबलामागच्या खिळ्याला आहे, सगळ्यात खाली, सगळ्या कॅलेंडरांच्या मागं. यंदाच्या दिवाळीत शिपायानं विचारलं, बाई, हा पिवळा कागद तरी टाकू का? मी त्याच्याशी नेहमीसारखं भांडले नाही. नुसतं नको म्हटलं.